कॅलेंडरमागची भिंत : वृद्धाश्रमाची इमारत कशी बघायची?

वृद्धाश्रमात आत्याच्या खोलीत कॅलेंडरं दोन. एक उशाशी, चालू वर्षाचं, त्यावर गोळ्या आणि डॉक्टरांच्या तारखांच्या खुणा. दुसरं पायथ्याकडच्या भिंतीवर, गेल्या वर्षीचं, अंबाबाईच्या चित्राचं, डिसेंबरवरच थांबलेलं. मी साइटवर सुपरवायझर म्हणून बारा वर्षं काढलेला माणूस. भिंतीवर विनाकारण टांगलेली वस्तू दिसली की हात शिवशिवतात. खालचं टोक उचलून बघितलं. मागे ताटाएवढा काळपट हिरवा डाग, रंगाचे पोपडे, आणि बोट लावताच भुगा होणारा गिलावा.

"असू दे रे," आत्या म्हणाली. "उगं त्यास्नी काय बोलू नगंस. हाय ते बरं हाय."

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आपली कोल्हापूर महापालिका धोकादायक इमारतींना नोटिसा काढते, पेठांमधल्या जुन्या वाड्यांचे फोटो पेपरात येतात. त्या यादीत म्हातारी माणसं राहतात अशी इमारत आहे का, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. ओळखीतले लोक मला विचारतात ते वेगळंच : "आईला ठेवायचं आहे, जागा चांगली आहे, बाग आहे, मंदिर आहे. तू एकदा बघून येतोस का?" मी बाग बघत नाही. काय बघतो आणि का, ते इथे लिहितो.

आधी नावांचा घोळ

आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे डॉक्टरांचं छोटं खासगी हॉस्पिटल. राजारामपुरीत किंवा शाहूपुरीत गल्लीआड दिसतं ते. परदेशातल्या बातम्यांत हाच शब्द येतो तेव्हा मात्र म्हाताऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसांना कायमचं सांभाळणारी जागा, असा त्याचा अर्थ असतो. त्यामुळे बातमी वाचताना अर्धे लोक दवाखाना समजतात.

आपल्याकडे साधारण तीन प्रकार आहेत. वृद्धाश्रम म्हणजे हिंडत्या-फिरत्या ज्येष्ठांची राहण्या-जेवणाची सोय. केअर सेंटर किंवा सेवा केंद्र म्हणजे लकवा झालेले, विसराळूपणा वाढलेले, नाकात नळी किंवा लघवीची पिशवी असलेले लोक जिथे ठेवतात ती जागा. आणि तिसरं आपलं नर्सिंग होम. कागदावर हे वेगळे असले तरी प्रत्यक्षात एकातून दुसरं उगवतं. वृद्धाश्रमात चालत आलेली बाई पाच वर्षांनी अंथरुणाला लागते. आश्रम तोच, खाट तीच, पण आता ते केअर सेंटर झालेलं असतं. इमारतीला ते कुणी सांगितलेलं नसतं.

राष्ट्रीय इमारत संहितेत, म्हणजे बांधकाम कसं असावं याच्या देशपातळीवरच्या नियमावलीत, वृद्ध आणि दुर्बल लोकांच्या वसतिगृहांचा वेगळा उपगट आहे. हॉस्पिटलच्याच मोठ्या गटात, त्याच्या शेजारी. म्हणजे संहिता अशा जागेला घर मानत नाही. कारण उघड आहे : आत राहणाऱ्याला स्वतःच्या पायांनी बाहेर पडता येईलच असं नाही.

न बोलणारी मावशी

आश्रमात सांभाळणाऱ्या बायकांना सगळे मावशी म्हणतात. रात्रपाळीला एक किंवा दोन मावशी असतात. त्यांना पंधरा-वीस खाटांवर एकाच वेळी नजर ठेवता येत नाही. मग रात्री अडीच वाजता आजोबा लघवीला उठतात तेव्हा त्यांना सांभाळतं कोण? भिंतीवरचा आधाराचा दांडा, पायाशी मिणमिणणारा दिवा आणि न घसरणारी फरशी. हे धड असेल तर इमारत मावशीचं निम्मं काम करते. नसेल तर तीच इमारत माणसाला पाडते.

तरुणपणी आपण इमारतीच्या चुका अंगावर झेलतो. उंबऱ्याला ठेच लागते, सावरतो. दिवा नसतो, चाचपडत जातो. साठ-पासष्टनंतर हा झेलण्याचा साठा आटत जातो. अंधाराला डोळे सरावायला वेळ लागतो. मोतीबिंदूमुळे पांढऱ्या फरशीवरचा पांढरा कमोड वेगळा दिसत नाही. तहान कमी लागते, कातडी कागदासारखी पातळ होते, तोल जाताना पाऊल पटकन पुढे पडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे ६५ वर्षांवरच्या दर शंभरांतले २८ ते ३५ जण वर्षातून एकदा तरी पडतात. तालमीतल्या लाल मातीत पडणं वेगळं आणि ओल्या टाइलवर खुब्यावर पडणं वेगळं. मातीत पडलेला पैलवान अंग झटकून उठतो. खुबा मोडलेली आजी बहुतेक वेळा पूर्वीसारखी चालत नाही.

ओल येते कुठून?

आपल्याकडे "भिंत ओली आहे" एवढ्या एका वाक्यात चार वेगवेगळे आजार बसतात. ओळखले नाहीत तर औषध चुकतं, आणि दर दिवाळीला नवा रंग मारूनही डाग मार्गशीर्षात परत हजर होतो.

पहिली ओल वरून. गच्चीवरचा कोबा तडकलेला, पन्हळीच्या तोंडाशी पाला अडकलेला, पाणी साचतं आणि स्लॅबमध्ये झिरपतं. काँक्रीटच्या आत लोखंडी सळ्या असतात. पाणी आणि हवा त्यांच्यापर्यंत पोचली की गंज चढतो, आणि गंजलेलं लोखंड मूळच्यापेक्षा कित्येक पट जागा घेतं. आतून फुगून ते काँक्रीटला ढकलतं. म्हणून छताचे पोपडे पडतात. मी छताकडे बघतो ते यासाठी. सरळ रेषेत गेलेली तपकिरी चीर दिसली की ती सळीची रेषा समजायची. तिच्यावर पुट्टी भरून रंग मारणं म्हणजे गळवावर पावडर लावणं.

दुसरी खालून. खारी चहात टोकाला बुडवली की चहा वर चढतो ना, तसंच जमिनीतलं पाणी विटांच्या बारीक छिद्रांतून वर चढतं. तीन-चार फुटांपर्यंत आडवा पट्टा दिसतो. जोत्यावर ओलरोधक थर नसलेल्या जुन्या बांधकामात हे हमखास आढळतं, आणि पंचगंगेकाठच्या किंवा भराव टाकलेल्या जागेत जास्तच. हे पाणी येताना क्षार घेऊन येतं. पाणी उडून जातं, क्षार राहतात, भिंतीला पांढरा लोणा धरतो. मग गंमत बघा : हे क्षार पावसाळ्यात हवेतली आर्द्रता स्वतःकडे ओढतात. गुळाच्या ढेपेला आषाढात पाणी सुटतं, अगदी तसंच. म्हणजे जमिनीतून येणारं पाणी थांबवलं तरी क्षार धरलेला गिलावा खरवडून काढल्याशिवाय भिंत कोरडी होत नाही.

तिसरी आतून, भिंतीत गाडलेल्या पाइपातून. आत्याच्या कॅलेंडरमागची हीच. पलीकडे न्हाणीघर होतं, शॉवरचा जोड बरोबर त्या उंचीवर. ओळखायची खूण सोपी आहे : डाग उन्हाळ्यातही वाळत नाही.

आणि चौथी हवेतून, जिच्याकडे कुणी बघत नाही. आश्रमात धुणं किती निघतं याचा अंदाज घरात बसून येत नाही. ज्यांना लघवीवर ताबा नाही त्यांच्या चादरी रोज, कधी दिवसातून दोनदा. पावसाळ्यात आपल्याकडे सूर्य आठ-आठ दिवस तोंड दाखवत नाही, मग त्या खोलीतच दोऱ्यांवर वाळतात. पिळलेल्या एका सुती चादरीत अर्धा लिटरभर पाणी असतं. वीस चादरी वाळल्या म्हणजे दहा लिटर पाणी खोलीतल्या हवेत गेलं. गारठा नको म्हणून खिडक्या बंद. ते पाणी थंड भिंतीवर बसतं आणि कपाटामागे बुरशी धरते. दमेकऱ्याची रात्र तिथून सुरू होते. इथे वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावून काही होणार नाही. पत्र्याची हवेशीर पडवी आणि न्हाणीत हवा बाहेर फेकणारा एक्झॉस्ट पंखा, एवढंच औषध.

गळतीपासून पाठीच्या जखमेपर्यंत

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे इमारत आणि माणूस यांचा धागा दिसतो.

समजा, वरच्या मजल्यावरची एक खोली गळायला लागली. तिथल्या चार खाटा हलवायच्या, तर चौघांच्या दुसऱ्या खोलीत दोन आणि तिसऱ्या खोलीत दोन. आठ-पंधरा दिवसांची गोष्ट म्हणून. खाटा जवळ सरकतात, एक भिंतीला चिकटते. भिंतीला चिकटलेल्या खाटेवरच्या माणसाला आता एकाच बाजूने हात लावता येतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाही तर हाडाच्या टोकाशी कातडी दबून रक्त पोचत नाही आणि जखम होते. तिलाच बेडसोअर म्हणतात. दोन्ही बाजूंनी उभं राहता आलं तर दोन मावश्या चादरीसकट माणूस सहज वळवतात. एका बाजूने एकटीला ओढावं लागतं. ओढलं की पातळ कातडी चादरीवर घासते, शिवाय मावशीची कंबर जाते. चार दिवसांनी कूस दोनाऐवजी चार तासांनी बदलली जाते. कुणी ठरवून केलेलं नसतं.

तीन आठवड्यांनी नातेवाईक येतात, पाठीवर रुपयाएवढी जखम बघतात आणि मावशीवर ओरडतात. वरच्या मजल्यावरच्या पन्हळीत अडकलेल्या पाल्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही.

जखमेला मावशी जबाबदारच नाही, असं मी म्हणत नाही. पण ओरडण्याआधी खाटेभोवती फिरून बघा. तीन बाजूंनी फिरता आलं नाही तर तक्रार कुणाकडे करायची हे तुम्हाला कळेल.

न्हाणीघराचा आखाडा

आश्रम बघायला गेलात तर ऑफिसातला चहा नंतर घ्या, आधी न्हाणीघरात जा. दार लावून आत दोन मिनिटं उभं राहा.

दार कुठे उघडतं? आत उघडणारं दार आणि आत पडलेला माणूस, ही जोडी फार वाईट. पडलेल्याचं अंगच दाराला अडसर होतं आणि बाहेरचे नुसते हाका मारत राहतात. दार बाहेर उघडावं किंवा सरकतं असावं, आणि कडी बाहेरून नाण्याने फिरवता यावी. सुताराचं अर्ध्या दिवसाचं काम.

आधाराचा दांडा हलवून बघा, जोर लावून. कितीतरी ठिकाणी दांडा म्हणून जे लावलेलं असतं ते टॉवेल टांगायचं स्टँड असतं. प्लास्टिकच्या गिट्ट्यांत दोन बारीक स्क्रू. टॉवेलचं वजन पेलायला ठीक. साठ किलोचा माणूस तोल जाताना झटक्याने लोंबकळला की दांडा गिट्टीसकट हातात येतो, आणि तो नसता तर माणूस जितका सावध राहिला असता तितकाही राहत नाही. खरा दांडा स्टीलचा, फास्टनर मारून पक्क्या भिंतीत बसवलेला असतो, कमोडच्या शेजारी आणि अंघोळीच्या जागी.

उंबरा बघा. न्हाणीतलं पाणी खोलीत येऊ नये म्हणून गवंडी तीन-चार इंचांची पायरी ठेवतो. ती रोज अडखळवते आणि व्हीलचेअरला पार अडवते. त्याऐवजी फरशीला नीट उतार आणि दाराशी जाळीचं गटार करता येतं. घरगुती न्हाणीचं दार अडीच फुटी असतं, चौकट आणि फळी वजा जाता मोकळी जागा सव्वादोन फुटांच्या आसपास. अपंगांसाठीच्या सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वांत मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर, म्हणजे जवळपास तीन फूट सांगितली आहे. व्हीलचेअर सव्वादोन फुटांत शिरली तरी ढकलणाऱ्याची बोटं सोलवटतात.

बाहेरच्या रॅम्पचंही असंच. प्रमाण एकाला बारा : एक फूट चढायला बारा फूट लांबी. जोतं दीड फूट उंच असेल तर रॅम्प अठरा फुटांचा हवा. पायऱ्यांवर सहा फुटांचा सिमेंटचा उतार ओतला असेल तर तो फक्त फोटोसाठी आहे. त्यावरून आजोबांना वर चढवायला दोन माणसं लागतात, आणि उतरवताना देव आठवतो.

गीझर असेल तर आणखी एक प्रश्न विचारा : आरसीसीबी आहे का? लाइटच्या बोर्डातला एमसीबी जास्त करंट गेला की तार जळण्यापासून वाचवतो. आरसीसीबी करंट भलतीकडे, म्हणजे माणसाच्या अंगातून जमिनीत जायला लागला की क्षणात वीज तोडतो. घरात ३० मिलिअँपिअरचा बसवतात. थोडक्यात, पहिला तार वाचवतो, दुसरा माणूस. ओली भिंत, जुनी वायरिंग आणि अनवाणी ओले पाय एकत्र असतील तिथे दुसऱ्याशिवाय चालतच नाही.

पाच जणांच्या बंगल्यात बावीस जण

शहराच्या कडेला, कळंब्याकडे म्हणा किंवा उजळाईवाडीकडे, बंगला भाड्याने घ्यायचा आणि केअर सेंटर सुरू करायचं, हा प्रकार आता सगळीकडे दिसतो. गरज आहे म्हणूनच तो वाढतोय. पोरं पुण्याला, बंगळूरला किंवा त्याहून लांब. घरी सून-मुलगा असले तरी दोघं नोकरीला. यात कुणाला नावं ठेवण्यासारखं काही नाही.

पण हिशोब करून बघू. घरगुती बांधकामात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरायची पद्धत आहे. पाच जणांना ६७५ लिटर, गच्चीवर हजार लिटरची टाकी पुरून उरते. बावीस रहिवासी झाले की २,९७० लिटर, आणि त्यात मावश्यांचं आणि वाढीव धुण्याचं धरलेलं नाही. सकाळी साडेनऊला टाकी खडखडीत. मग गच्चीवर दोन हजार लिटरची आणखी एक टाकी चढते. दोन हजार लिटर म्हणजे दोन टन. गंगावेशीत धारेला उभ्या असतात त्यातल्या चार दांडग्या म्हशी गच्चीच्या एका कोपऱ्यात कायमच्या नेऊन बांधल्यासारखं. स्लॅब त्यासाठी काढलेला आहे का, हे इंजिनिअरला विचारून टाकी खांब-तुळईच्या वर बसवली तर ठीक. सहसा ती पाइप जवळ पडेल तिथे बसते.

जे वर चढलं ते खाली उतरतंच. पाच जणांच्या सेप्टिक टँकला बावीस जणांचं मैलापाणी झेपत नाही. मैला खाली बसून कुजायला जो वेळ लागतो तो मिळत नाही, टाकी लवकर भरते, आणि पावसाळ्यात जमीन आधीच पाण्याने भरलेली असल्याने शोषखड्डा पाणी घेत नाही. वास, डास, तुंबलेला संडास. मग "आजी, सारखं सारखं जाऊ नका" असं सांगितलं जातं. आजी पाणी प्यायचंच कमी करते. आधीच तहान कमी लागणारं वय. उन्हाळे लागणं, लघवीचा संसर्ग, अंगातलं पाणी कमी होऊन अचानक बरळायला लागणं, यांचं मूळ कधी कधी अंगणातल्या टाकीत असतं.

भाड्याच्या जागेची दुसरी गोची करारात आहे. अकरा महिन्यांचा करार. मालक म्हणतो, वापर तुमचा, दुरुस्ती तुम्ही करा. भाडेकरू म्हणतो, भिंत तुमची, मी कशाला पैसे घालू? मधल्या मध्ये भिंत कुणाचीच राहत नाही.

पूर आणि आग

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. सुतारवाड्यासारख्या ठिकाणच्या लोकांना आधी हलवतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. कमी लोकांच्या लक्षात राहतं ते हे, की उपसा केंद्रं पाण्याखाली गेल्याने तेव्हा शहराचा पाणीपुरवठाच बंद पडला होता आणि शिरोलीजवळ महामार्ग बंद होता. आता काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइन आहे, पण आश्रमाला विचारायचा प्रश्न बदलत नाही : तुमची जागा पुराच्या पाण्यात जात नसेल, पण चार दिवस नळ, वीज आणि रस्ता नसला तर पाणी, डायपर, इन्सुलिनसाठी फ्रिज आणि ऑक्सिजनचं मशीन यांचं काय?

आगीचं थोडक्यात. चालता न येणारी माणसं तळमजल्यावर हवीत. पूररेषेतल्या जागेत मात्र हेच उलटं होतं, म्हणून पूररेषेत अशी जागा नकोच. विसराळू माणसं बाहेर जाऊ नयेत म्हणून दाराला कुलूप लावतात, ते समजण्यासारखं आहे. पण रात्री किल्ली कुणाकडे असते, हे रात्रपाळीच्या मावशीला विचारा, मॅनेजरला नको.

"आमच्या लहानपणी घरं गळतच होती की"

गळत होती. कौलं सरकायची, घमेली-पातेली मांडायचो, आजी हसत हसत खाट ओढायला सांगायची. पण त्या आजीची खाट ओढायला आम्ही सहा नातवंडं होतो. शिवाय मातीच्या भिंतीचा, कौलांचा वाडा श्वास घ्यायचा. ओल यायची तशी जायची. सिमेंटचा गिलावा आणि त्यावर प्लास्टिक पेंट मारलेल्या भिंतीत शिरलेलं पाणी आतच कोंडतं. घर बदललं, घरातली माणसं कमी झाली, गळती तेवढी जुनी राहिली.

"फुकटात सांभाळतात, वर नियम कसले?"

हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. रस्त्यावरच्या निराधार माणसाला उचलून आणून न्हाऊ-माखू घालणाऱ्या संस्था आपल्या जिल्ह्यात आहेत, आणि उद्या त्यांना टाळं लागलं तर ती माणसं परत रस्त्यावर जातील. सगळे नियम एका दिवसात लावायचे म्हटलं तर चांगल्याच संस्था आधी बंद पडतील. वाईट संस्था कागद रंगवून मोकळ्या होतील.

पण नियमांत खर्चिक आणि बिनखर्चिक असे दोन ढीग करता येतात. दाराची दिशा, पक्का दांडा, रात्रीचा दिवा, पन्हळीची सफाई, आरसीसीबी, खाटांमधलं अंतर. हे सगळं मिळून एखाद्या मोठ्या सत्कार समारंभाच्या फेटे-हारांच्या आणि मांडवाच्या खर्चात बसतं. लिफ्ट, स्प्रिंकलर, नवीन स्लॅब हा दुसरा ढीग, त्याला वेळ द्यावा. पहिल्या ढिगाला सबब नाही. निराधार माणसाचा खुबा मोडला तर तो उभा करायला घरचंही कुणी नसतं.

पैसा अडतो कुठे?

पाटीवर. नवीन हॉल बांधला तर दारावर संगमरवरी पाटी लागते, "कै. अमुक यांच्या स्मरणार्थ". पंखा दिला तर पात्यावर नाव येतं. गळती बंद केली तर नाव कुठे घालणार? बंद झालेली गळती दिसतच नाही. म्हणून तीन हॉल असलेल्या आश्रमात एक धड संडास नसतो. वाढदिवसाला जेवण देणारे लोक रांगेत असतात. कधी कधी एकाच दिवशी दोन गोड जेवणं येतात आणि मधुमेही आजोबांसमोर श्रीखंड. सेप्टिक टँक उपसायच्या गाडीचे पैसे देणारा दाता मी अजून पाहिला नाही.

संस्था नोंदणीकृत ट्रस्ट असेल तर तपासायला सोपी जागा आहे. धर्मादाय कार्यालयात दरवर्षी जे उत्पन्न-खर्चाचं पत्रक द्यावं लागतं, त्यात मालमत्तेवरच्या खर्चाखाली "दुरुस्ती व देखभाल" अशी वेगळी ओळच असते. मोठी देणगी देण्याआधी मागच्या तीन वर्षांची ती ओळ दाखवा म्हणावं. सलग शून्य असेल तर तुमच्या देणगीचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा.

कागद कुठले मागायचे, जायचं कुणाकडे?

इथे कायदा विस्कटलेला आहे, आणि त्यात सामान्य माणसाची चूक नाही. आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण अधिनियम २००७ च्या कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, निदान १५० निराधार ज्येष्ठांना पुरेल असं वृद्धाश्रम सरकार स्थापन करू शकेल असं म्हटलं आहे. "करील" नव्हे, "करू शकेल". आश्रमांचा दर्जा ठरवायचं कामही त्याच कलमात राज्य सरकारकडे दिलंय. नर्सिंग होमची नोंदणी १९४९ च्या वेगळ्या कायद्याखाली होते. त्या कायद्यात आजार आणि इजेबरोबर दुर्बलता हाही शब्द आहे, पण उपचार आणि शुश्रूषा देत असाल तर. म्हणून नळ्या लावलेले पेशंट ठेवणाऱ्या सेंटरला "या कायद्याखाली नोंदणी केली आहे का?" हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

इमारतीसाठी दोन कागद. महापालिका हद्दीत ३० वर्षांहून जुनी इमारत असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटचं, म्हणजे इमारतीच्या हाडांच्या तपासणीचं प्रमाणपत्र. इंजिनिअर नारळ वाजवून बघावा तसं काँक्रीट ठोकून बघतो, यंत्रांनी मजबुती मोजतो आणि अहवाल देतो. शहराबाहेर ग्रामपंचायतीच्या हद्दीत महापालिकेचा हा नियम पोचत नाही, तिथे अहवाल आपणहून मागावा. दुसरा कागद आगीचा : राज्याच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा फॉर्म बी, परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत.

तक्रार किंवा सल्ला हवा असेल तर ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७, सकाळी ८ ते रात्री ८. मुलं निर्वाहखर्चच देत नसतील तर प्रांताधिकाऱ्यांकडे न्यायाधिकरण आहे. मात्र गळक्या छतासाठी तिथे जाऊन उपयोग नाही. त्यासाठी आधी संस्थेला लेखी पत्र द्या, फोटोसह, तारीख घालून, आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं वाऱ्यावर जातं.

"तक्रार केली तर आईला त्रास देतील" ही भीती खरी आहे, आत्याही तेच म्हणत होती. म्हणून एकट्याने करू नका. त्याच आश्रमातल्या चार घरांनी मिळून पत्र दिलं की ते कुणा एकाच्या आईचं राहत नाही.

बघायला कधी जायचं?

एप्रिलमध्ये कुठलाही आश्रम कोरडा असतो. जागा बघायला जुलैत जा, झड लागलेल्या दिवशी, आगाऊ फोन न करता. शक्य असेल तर सकाळी साडेआठला, टाकीचं पाणी संपत आलेलं असतं तेव्हा. नाकावर विश्वास ठेवा. फिनाइलचा घमघमाट म्हणजे स्वच्छताच, असं नसतं. आणि भिंतीवरची कॅलेंडरं हळूच उचलून बघा.

आत्याच्या बाबतीत आम्ही तीन घरांनी मिळून पत्र दिलं. महिनाभर काही हललं नाही, मग एक दिवस प्लंबर आला आणि भिंत फोडून जोड बदलला. ती भिंत वाळेपर्यंत आत्याला पलीकडच्या, न्हाणीला न लागलेल्या खोलीत हलवलं. सामान नेताना मी जुनं कॅलेंडर रद्दीत टाकायला काढलं, तर तिने हातातून ओढून घेतलं. "अंबाबाई हाय त्यावर. रद्दीत घालतोस व्हय रे?" नव्या खोलीत ते खाटेसमोर लावलंय. मागची भिंत मी आधी हात फिरवून बघितली.